तेल घावलं का?

सुट्टीवर कोल्हापूरला आलो की पहिल्या दिवशीच हा प्रश्न येतो. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर येतो, भावकीतल्या लग्नात येतो आणि सगळ्यात आधी आबांकडून येतो. पिशवी खाली ठेवायच्या आत ते विचारतात, "काय रं, घावलं का तेल?" मी नाही म्हणालो की त्यांचा चेहरा उतरतो. चार महिने बर्फाच्या तोंडाशी जाऊन पोरगं मोकळ्या हातानं आलं, असं त्यांना वाटतं. त्यांना नीट उत्तर द्यायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हे लिहितोय.

मी समुद्राखालचं तेल-गॅस शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या जहाजावर गन मेकॅनिक होतो. नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेन्ट्स समुद्र आहे, तिथं माझा पहिला हंगाम २०१४ चा. ही गन बंदुकीची नाही, हवेची. दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडायची, त्या धक्क्याचा आवाज समुद्रतळाखालच्या खडकांत जातो, थराथरावरून परततो आणि जहाजामागं ओढलेल्या लांब केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, तो टिपतात. सगळं काम एवढंच. ते दिवसातून सात-आठ हजार वेळा, महिनोन्महिने, एकसारखं करायचं असतं.

मला हे काम मिळालं ते कॉम्प्रेसरमुळं. डिप्लोमा झाल्यावर मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लागलो. तिथले मिस्त्री हाय-प्रेशर कॉम्प्रेसर उघडायचे. व्हॉल्व्ह प्लेट काचेवर घासून सपाट कशी करायची, ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बसवण्याआधी तिची खाच नखानं कशी तपासायची, हे त्यांच्याकडून शिकलो. ते म्हणायचे, "हवा चोर असतीया. केसाएवढी वाट दिलीस तरी जाणार." पुढं एका ओळखीच्यानं जहाजावरच्या जागेबद्दल सांगितलं. मेडिकल झालं, समुद्रावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. त्यात हेलिकॉप्टरचा सांगाडा तलावात बुडवून उलटा करतात आणि आत पट्ट्यानं बांधलेल्या माणसानं श्वास रोखून खिडकीतून बाहेर यायचं असतं. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेलं होतं, ते तिथं कामी आलं. मुंबई, ऑस्लो, ट्रोम्सो असं करत हामरफेस्टला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि ऊन पडलं होतं. बंदरासमोर मेल्कोया बेटावर गॅस द्रवरूप करण्याचा प्रकल्प दिसत होता. स्नोव्हिट हे त्या गॅसचं क्षेत्र. ते १९८४ साली सापडलं आणि गॅस यायला २००७ उजाडलं, हे मला त्याच रात्री बोटीवर एकानं सांगितलं. मधली तेवीस वर्षं माझ्या डोक्यात तेव्हाच बसली.

आता जहाजाची मांडणी. आमच्या मागं दहा स्ट्रीमर होते, प्रत्येक सात किलोमीटर लांब. बिंदू चौकातून शिरोली एमआयडीसीपर्यंत जेवढं अंतर होईल, जवळपास तेवढी एक केबल, आणि अशा दहा, शेजारी शेजारी शंभर-शंभर मीटरवर. त्या पसरलेल्या राहाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना पाण्यात मोठे दरवाजे ओढलेले असतात. पतंगासारखे ते बाहेरच्या बाजूला ताणतात. केबलवर ठरावीक अंतरानं पंखवाली उपकरणं असतात, त्यांना बर्ड म्हणतात. ती केबलची खोली सांभाळतात. शेवटच्या टोकाला टेलबॉय नावाचा खुणेचा तराफा तरंगतो. एवढं लटांबर घेऊन जहाज चार-साडेचार नॉटनं, म्हणजे तासाला आठेक किलोमीटरनं चालतं. रमतगमत सायकल चालवावी तसं. एक ओळ, म्हणजे सर्वेक्षणाची एक सरळ फेरी, संपवून वळायला तीन-चार तास लागतात, कारण घाईनं वळलं तर केबल एकमेकींत गुंततात.

गन जहाजाच्या लगेच मागं असतात. तरंगत्या नळ्यांखाली साखळ्यांना टांगलेल्या, पाण्यात सहा-सात मीटर खोल. लहानमोठ्या आकाराच्या तीसेक गन आणि सगळ्या एकाच क्षणी सुटायला हव्यात; एक मिलिसेकंद इकडेतिकडे झालं तरी चूक धरतात. आकार वेगवेगळे ठेवण्याला कारण आहे. हवा पाण्यात सुटली की तिचा बुडबुडा होतो, तो फुगतो, आकसतो, परत फुगतो आणि प्रत्येक वेळी आवाज करतो. आपल्याला पहिला धक्का हवा, मागचे नकोत. वेगवेगळ्या आकाराच्या गनचे बुडबुडे वेगवेगळ्या ठेक्यात धडधडतात, म्हणून पहिले धक्के एकत्र येऊन मोठे होतात आणि नंतरचे एकमेकांना खाऊन टाकतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ डेकवर उभा राहून विचार करत होतो. ढोलताशाच्या पथकात तीस जणांनी पहिला ठोका एकत्र मारायचा आणि नंतर प्रत्येकानं असा वाजवायचा की सगळ्यांचं मिळून काही ऐकूच येऊ नये!

दाब २००० पीएसआय. ट्रकच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशे असतो, त्यावरून अंदाज यावा. दाब भरलेला असताना गन डेकवर कुणीही पाऊल ठेवायचं नाही. हवा पूर्ण सोडली, गेज शून्यावर आला, कंट्रोल रूममधून तोंडी खात्री झाली, मगच हात लावायचा. या नियमाला कुणाचाही अपवाद नव्हता आणि ते मला फार आवडलं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये "होतंय हो" म्हणून दाबाखाली नट सैल करणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाचं बोट आता नाही.

थंडीचा त्रास वेगळाच. तिथल्या पाण्यात अटलांटिकचा उबदार प्रवाह येतो, म्हणून दक्षिणेकडचा भाग हिवाळ्यातही गोठत नाही. पण डेकवर वारा असतो. दाबलेली हवा पसरताना अजून गार होते आणि तिच्यात जरा ओल राहिली तर वाटेतच बर्फ धरतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या प्रत्येक टप्प्यानंतरचं पाणी काढणं हे काम घड्याळ लावून करायचं. हातमोजे घातले तर ओ-रिंगची खाच बोटाला कळत नाही आणि काढले तर दोन मिनिटांत बोटंच कळेनाशी होतात. मी डाव्या हातात मोजा ठेवायचो, उजवा उघडा.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. पहाटे तीनला मी एक गन जुळवून दिली. ती पाण्यात गेली, ओळ सुरू झाली आणि तासाभरात कंट्रोल रूममधून निरोप आला की चौदा नंबर हवा सोडतेय. मागं पाण्यावर बुडबुड्यांची पांढरी रेघ दिसत होती. एखादी गन बंद पडली तर राखीव गन चालवून भागवता येतं, पण गळती चालत नाही. बुडबुडे आवाजाच्या वाटेत येतात आणि सगळ्या रांगेचा दाब खाली ओढतात. ओळ तोडावी लागली, वळून यायला आणि परत जुळवायला अर्धा दिवस गेला. चीफ मेकॅनिक स्कॉटलंडचा, बोलायला कमी. त्यानं गन उघडली, ओ-रिंग काढून भिंगाखाली धरली आणि मला बघायला सांगितलं. पुसायच्या फडक्याचा एक धागा रिंगेखाली दबला होता. सुतासारखा बारीक. तो ओरडला नाही. नवीन रिंग हातात दिली आणि मी बसवेपर्यंत शेजारी उभा राहिला. त्या दिवशी मिस्त्रींची फार आठवण आली. त्यानंतर पाच हंगामांत माझ्या हातून गेलेली एकही गन त्या कारणानं वर आली नाही.

आबांना हे सगळं सांगताना एका जागी अडायला होतं. ते विचारतात, आवाज परत आला हे ठीक, पण खाली काय आहे हे त्याला कसं कळतं? मी त्यांना विहिरीचं उदाहरण देतो. विहिरीवर ओरडलं की आवाज परततो, किती वेळात परतला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. पाण्यातून आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तळ ३०० मीटरवर असेल तर जाऊन यायला ०.४ सेकंद. पण तळावर सगळा आवाज थांबत नाही. थोडा आत शिरतो, खालच्या थरावरून थोडा परततो, उरलेला आणखी खाली. दर दहा-अकरा सेकंदांनी गन सुटते आणि मधली सात-आठ सेकंदं जहाज नुसतं ऐकत असतं. हजारो हायड्रोफोनांनी ऐकलेलं एकमेकांवर रचलं की थरांचं चित्र दिसायला लागतं. तेही मीटरमध्ये नाही, वेळेत. कारण खडकातून आवाज किती वेगानं गेला हे आधी ठरवावं लागतं आणि तो अंदाज चुकला तर डोंगराच्या जागी दरी दिसू शकते.

तेल आणि गॅस कसं ओळखतात, यालाही घरातलंच उदाहरण आहे. तांब्यात पाणी घेऊन तांब्या तिरका केला तरी पाण्याची पातळी आडवीच राहते. खडकाचे थर वाकलेले, तिरके असतात; पण त्यांच्या छिद्रांत वर गॅस, मध्ये तेल, खाली पाणी असं साठलेलं असेल तर त्यांच्या मधली सीमा आडवी. तिरक्या थरांच्या चित्रात अचानक एक आडवी रेघ दिसली की भूवैज्ञानिक खुर्चीतून पुढं सरकतात. २०११ मध्ये बॅरेन्ट्समधल्या स्क्रुगार या जागी अशा दोन आडव्या रेघा दिसल्या होत्या, विहीर खणली आणि तेल लागलं. त्याचंच क्षेत्र पुढं योहान कास्टबर्ग नावानं विकसित झालं आणि तिथून तेल निघायला मार्च २०२५ लागलं. उलटंही होतं. नॉर्वे आणि रशियात चाळीस वर्षं वादात असलेला समुद्राचा पट्टा २०१० च्या करारानं वाटून मिळाला. त्याच्या नॉर्वेकडच्या भागात कोर्पफ्येल नावाची मोठी रचना दिसली, सगळ्यांच्या आशा तिच्यावर होत्या. २०१७ मध्ये विहीर खणली तर थोडासा गॅस, तोही परवडण्याजोगा नाही. चित्र चुकलं नव्हतं. चित्राला जेवढं ठाऊक असतं तेवढंच ते सांगतं.

त्या समुद्राचा तळही फसवा आहे. हिमयुगात जाड बर्फानं वरचे थर झिजून गेले, त्यामुळं जुने, टणक खडक तळाच्या अगदी जवळ आहेत. पाणी उथळ, तळ टणक, मग आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये परत परत आपटत राहतो आणि खऱ्या प्रतिध्वनीवर खोटे प्रतिध्वनी चढतात. ते काढून टाकण्यात प्रक्रिया करणाऱ्यांचे महिने जातात. तळावर लांबच लांब चऱ्या दिसतात, वेड्यावाकड्या, एकमेकींना छेदणाऱ्या. हजारो वर्षांपूर्वी वाहत आलेल्या हिमनगांच्या बुडानं ओढलेल्या. स्क्रीनवर त्या पाहिल्या आणि मला नांगरटीनंतरचं आमचं रान आठवलं. त्याचा फोटो आबांना दाखवला होता. ते म्हणाले, "बैल नवा हाय वाटतं, सरी सरळ येईना." एवढं एक त्यांना माझ्या कामातलं मनापासून आवडलं.

वेळ मात्र सगळ्यात जास्त थांबण्यात गेला. ब्रिटनच्या जेएनसीसी या निसर्गसंवर्धन सल्लागार संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही पाळायचो. गन सुरू करण्याआधी निरीक्षक किमान अर्धा तास, पाणी २०० मीटरपेक्षा खोल असेल तर तासभर, दुर्बिणीनं समुद्र पाहणार. ५०० मीटरच्या आत देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर सुरुवात पुढं ढकलायची, तो गेल्यावर आणखी वीस मिनिटं थांबायचं. मग एकदम पूर्ण ताकदीनं नाही. लहान गनपासून सुरू करून वीस मिनिटं हळूहळू आवाज चढवायचा, म्हणजे जवळपास कुणी असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळावा.

जुलैतली एक रात्र आठवते. दोन वाजले होते, ऊन तिरपं पडलं होतं, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. गन पाण्यात, दाब तयार, गन सुरू करायला पंधरा मिनिटं बाकी. निरीक्षक म्हणून होती ती पंचविशीतली मुलगी. तिनं ब्रिजवरून सांगितलं, कुबड्या देवमासा, तीनशे मीटर, सोबत पिल्लू. थांबलो. तो निघून जातोय असं वाटायचं आणि परत वर यायचा. पावणेतीन तास. क्लायंटचा प्रतिनिधी अस्वस्थ होऊन येरझारा घालत होता, जहाजाच्या प्रत्येक तासाचे पैसे जात होते, पण ती मुलगी हलली नाही आणि कॅप्टननंही तिला एका शब्दानं विचारलं नाही. मी रेलिंगला टेकून त्या पिल्लाचा श्वास ऐकत होतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं आणि कितीतरी लांब जातो. त्या प्राण्यांचं बोलणं, वाट शोधणं सगळं आवाजावर. माझा पगार ज्या आवाजातून आला तो त्यांच्या घरात करत होतो, हे मी त्या रात्रीनंतर विसरलो नाही. थांबण्याचे नियम कडक हवेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते गन मेकॅनिकचं मत आहे.

मच्छीमारांचंही तेच. नॉर्वेच्या पाण्यात सर्वेक्षण करताना मासेमारीची जाण असलेला एक माणूस जहाजावर ठेवावाच लागतो. आमच्याकडचे गृहस्थ स्वतः तीस वर्षं कॉड पकडलेले. बोटींशी रेडिओवर तेच बोलायचे. त्यांनीच मला १९९२ च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळच्या नॉर्डकाप बँक या समुद्रातल्या उथळ भागात शास्त्रज्ञांनी मुद्दाम गन चालवून आधी, चालू असताना आणि नंतर मासेमारी करून पाहिली. कॉड आणि हॅडॉकचं जाळ्यातलं प्रमाण सरासरी निम्म्यावर आलं, प्रत्यक्ष गन चाललेल्या जागी त्याहून खाली, आणि पाच दिवसांनंतरही ते पूर्ववत झालं नव्हतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, "म्हणून तर मी इथं आहे." कॅनडात बॅफिन बेटावरच्या क्लाइड रिव्हर या छोट्या इन्यूइट वस्तीनं तर सर्वेक्षणाच्या परवानगीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्यांच्याशी नीट सल्लामसलत झालीच नाही म्हणून न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये ती परवानगी रद्द केली. ती बातमी वाचून आमच्या मेसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मला ते न्यायाचं वाटलं. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विचारूनच आत शिरावं.

बर्फाची गाठ पडली ती तिसऱ्या हंगामात, त्याच समुद्रातल्या बेअर आयलंड या बेटाच्या उत्तरेला. ट्रोम्सोहून बर्फाचे नकाशे येतात, त्यावर कडा कुठपर्यंत आली ते कळतं, पण सुटे तुकडे नकाशावर नसतात. हिमनग मोठा असला तर रडारवर दिसतो. भीती असते ती पाण्याबाहेर हातभरच डोकं काढलेल्या, काचेसारख्या पारदर्शक तुकड्यांची. धुकं होतं. पुढं चालणाऱ्या छोट्या बोटीनं कळवलं, पण एक तुकडा केबलांच्या मधे शिरलाच. बर्डचे पंख वळवून स्ट्रीमर खोल नेले. टेलबॉय मात्र वरच तरंगत असतो, तो खाली नेता येत नाही. एक टेलबॉय तुटून गेला आणि केबलचं टोक बुडायला लागलं. ठरावीक खोलीखाली गेलं की आपोआप फुगणारे फुगे केबलवर असतात, त्यांनी ते वर आणलं. नंतर दोन दिवस वेगळीच डोकेदुखी. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यात केबल जड होऊन खाली जाते. जिथं गोडं पाणी नाही तिथं परत वर. सात किलोमीटरमध्ये चार वेगवेगळी वजनं. ईशान्य ग्रीनलंडजवळ तर पुढं बर्फफोडी जहाज चालवून, टेलबॉय न लावता, सगळं बर्फाच्या खालून ओढत सर्वेक्षण केलेलं आहे. त्यावर काम केलेला एक जण आमच्यात होता. तो त्याबद्दल फार बोलायचा नाही.

अंटार्क्टिकाबद्दल पोरं विचारतात. तिथं असलं काम करता येत नाही. १९९१ चा माद्रिद करार १९९८ पासून लागू आहे, त्यानं खनिजांसाठीचं सगळं काम बंद केलंय; विज्ञानासाठी तेवढी मुभा. शास्त्रज्ञ तिथंही अशाच गन आणि केबल वापरतात, पण काही वर्षांनी ती माहिती सगळ्या जगासाठी खुल्या ग्रंथालयात जाते. आमची माहिती मात्र कुलपात जायची. टेप उतरल्या, प्रक्रियेला गेल्या, पुढं काय दिसलं हे आम्हाला कुणी कळवत नव्हतं. म्हणून आबांच्या प्रश्नाला माझ्याकडं खरंच उत्तर नसतं.

आबांनी आमच्या रानात दोन बोअर मारले. पहिल्या वेळी पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ घेऊन बांधावरून फिरला, नारळ उभा राहिला तिथं खूण केली आणि "दीडशे फुटांवर गंगा हाय" म्हणाला. तीनशे फूट गेले, नुसती काळ्या दगडाची भुकटी. दुसऱ्या वेळी दुसरा पाणाड्या, दुसरी खूण, तशीच छातीठोक भाषा, परत भुकटी. कर्ज फिटायला चार वर्षं लागली.

यंदा मी घरी असताना तिसऱ्याचा विषय निघाला. मी म्हटलं, आधी भूवैज्ञानिक बोलवू. ते आले, दोघंजण, जमिनीत लोखंडी सळ्या ठोकून वायरी लांबवल्या, वीज सोडून जमीन तिला किती अडवते ते मोजत गेले. काळ्या दगडासाठी आमच्या आवाजाच्या पद्धतीपेक्षा हीच बरी. इथं पाणी भेगांत आणि कुजलेल्या दगडात असतं आणि ओला दगड वीज कमी अडवतो. आबा सळी ते सळी त्यांच्या मागं चालत होते. मी वायरींचे जोड बघत होतो. एक क्लिप सैल वाटली, सांगितलं. त्यांनी ती काढून घासून परत लावली आणि मागचं रीडिंग खोडून नव्यानं घेतलं. तिथंच मला तो माणूस पटला.

ऊन कलल्यावर त्यानं कागदावर आलेख काढला, ओढ्याकडच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि म्हणाला, "साठ ते ऐंशी फुटांत शक्यता आहे. त्याखाली मला काही दिसत नाही."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे? पाणी हाय का न्हाई?"

"आबा," मी म्हटलं, "ह्यो माणूस खरं बोलतोय."